क्राऊन-पिनियन बदलल्याने ॲव्हरेज किती वाढतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी मागच्या चाकांवर चालणारी, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर, मागच्या ॲक्सलमध्ये ४.१० चा क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनाकडून आलेली ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी गिअरची जोडी. आठवडाभर शहरात फिरणं, सुटीच्या दिवशी हायवे. हायवेवर लिटरला १२ किलोमीटर मिळतात. त्याच ॲक्सलमध्ये बसणारा ३.५५ चा सेट मिळतो आहे. विचारणाऱ्यांचा हिशोब असा की इंजिनाच्या फेऱ्या साडेतेरा टक्क्यांनी कमी होतील, म्हणजे ॲव्हरेजही तितकंच वाढेल. हा हिशोब बरोबर आहे का?

सरळ उत्तर आधी देतो. फेऱ्या कमी होतील हे खरं, पण ॲव्हरेज त्या प्रमाणात वाढणार नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर, टॉप गिअरमध्ये, एका वेगाने चालवलीत तर साधारण सहा टक्के, म्हणजे बाराचे पावणेतेरा. शहरात जवळजवळ काहीच नाही. घाटात किंवा भरल्या गाडीत कदाचित उलटंच. आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण या कामात पैसे आणि आठवडाभराची मेहनत घातल्यावर निराश झालेले बरेच लोक मी पाहिले आहेत. त्यातले काही तर फायदा झालेला असूनही निराश होते. त्यांची गोष्ट पुढे येईल.

आधी आकड्यांचा अर्थ. ४.१० म्हणजे क्राऊनला ४१ दाते, पिनियनला १०. प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या ॲक्सलकडे जाणारा दांडा, ४.१० वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ३.५५ म्हणजे ३९ ला ११. ‘हाय रेशो’, ‘लो रेशो’ हे शब्द मी वापरत नाही, कारण दोन माणसं त्याचे दोन उलटे अर्थ घेतात. आकडा मोठा तो ओढणारा सेट, आकडा लहान तो पळणारा सेट, एवढं पुरे. जाता जाता एक गोष्ट: बरोबर ४.०० चा सेट सहसा दिसत नाही. ४० ला १० दाते ठेवले तर पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या त्याच चार दात्यांवर पुन्हा पुन्हा घासेल. एक दाता वाढवून ४१ केले की प्रत्येक दाता आळीपाळीने सगळ्यांना भेटतो आणि झीज सारखी होते. पेटीवर छापलेले ४.१०, ३.७३, ३.९१ असे अडनिडे आकडे त्यातून येतात.

आता तुमच्या गाडीचा हिशोब. टायरचा घेर २.१ मीटर धरू, पाचवा गिअर ०.८५ धरू, म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ०.८५ फेरे. ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७९४ वेळा फिरतं. त्याला ४.१० ने आणि ०.८५ ने गुणलं की इंजिनाच्या फेऱ्या येतात सुमारे २७६५. ३.५५ बसवल्यावर त्याच वेगाला सुमारे २३९०. हा फरक कानाला लगेच कळतो. गाडी शांत होते, लांबच्या प्रवासात डोकं कमी दुखतं, आणि मला विचाराल तर या कामाचा सगळ्यात खात्रीचा फायदा हाच आहे.

पण पेट्रोल फेऱ्यांवर जळत नाही, कामावर जळतं. १०० च्या वेगाला हवेला बाजूला सारायला आणि टायर लोळवायला जी ताकद लागते, ती ॲक्सलमध्ये कुठला सेट आहे यावर अवलंबून नाही. दीड टनाची, मध्यम आकाराची गाडी धरली तर चाकांवर साधारण १५ किलोवॅट लागतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (ॲक्सलमधला तो गट ज्यात क्राऊन-पिनियन बसतो आणि जो दोन्ही चाकांना ताकद वाटतो) थोडं वाया जातं, ते धरून इंजिनाने १६ द्यायचे. हे १६ तुम्ही ४.१० लावा नाहीतर ३.५५, तेवढेच राहणार. रस्त्याचं देणं चुकत नाही.

बदलतं ते इंजिन स्वतःला फिरवायला खर्च करतं ते. हा खर्च दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे घर्षण: पिस्टनच्या रिंगा, बेअरिंगं, कॅमशाफ्ट, तेलाचा पंप, पाण्याचा पंप. दुसरा खर्च पेट्रोल इंजिनाचा खास आहे. तुम्ही पॅडल हलकं दाबून चालता तेव्हा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बराचसा मिटलेला असतो. पिस्टन खाली येताना हवा ओढू बघतो आणि वाट अरुंद असते. नाक अर्धं दाबून श्वास घ्यावा तसं. प्रत्येक श्वासाला इंजिनाची ताकद जाते, आणि फेऱ्या जितक्या जास्त तितके श्वास जास्त. पळणारा सेट बसवला की तेच १६ किलोवॅट कमी फेऱ्यांत द्यायचे असतात. मग प्रत्येक फेरीला जास्त हवा लागते, थ्रॉटल थोडा जास्त उघडतो, नाक मोकळं होतं. घर्षणही घटतं. फायदा येतो तो या दोन ठिकाणांहून, तिसरी जागा नाही.

किती येतो? दोन लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनात अशा हलक्या भाराला हे दोन्ही खर्च मिळून २७६५ फेऱ्यांना सात-साडेसात किलोवॅट धरायला हरकत नाही. म्हणजे इंजिनाच्या आत एकूण निर्माण करायची ताकद १६ अधिक ७.४, साडेतेवीसच्या आसपास. २३९० फेऱ्यांना हा आतला खर्च सहावर येतो. बेरीज २२. साडेतेवीसवरून बावीस, म्हणजे सहा टक्के. हा हिशोब ढोबळ आहे, तुमचं इंजिन थोडं इकडेतिकडे असेल, पण साडेतेरा टक्के फेऱ्या कमी करून इंधन त्याच्या निम्म्याने, किंवा त्याहून थोडं कमी वाचतं, हे गणित फारसं चुकत नाही. पीटर विलन्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १९ व्या शतकात वाफेच्या इंजिनांवर चाचण्या घेऊन हीच गोष्ट कागदावर मांडली होती: भार आणि वाफ यांचा आलेख सरळ रेषेत जातो, पण ती रेषा शून्यातून निघत नाही. भार शून्य असला तरी इंजिन आपला वाटा घेतंच. त्या आलेखाला आजही विलन्सची रेषा म्हणतात, आणि क्राऊन-पिनियन बदलून तुम्ही कमी करता तो फक्त इंजिनाचा हा स्वतःचा वाटा.

डिझेल असेल तर हा फायदा आणखी आकसतो. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल मिटून भार कमी करायचा नसतो, हवा मोकळी आत जाते. म्हणजे नाक दाबण्याचा खर्च मुळातच कमी, वाचतं ते घर्षणातलं. वर टर्बोची, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची, अट आहे. ठरावीक फेऱ्यांच्या खाली टर्बो हवा भरत नाही. फेऱ्या त्याखाली गेल्या की पॅडल दाबलं तरी गाडी उचलत नाही, आणि माणूस वैतागून गिअर खाली टाकतो.

आता एक चाचणी सांगतो, जिला काहीच खर्च नाही. कोणी मला हा प्रश्न विचारला की मी आधी हीच करायला लावतो. तुमच्या गाडीचा चौथा गिअर १.०० असेल आणि पाचवा ०.८५, तर चौथ्यातून पाचव्यात टाकल्यावर फेऱ्या १५ टक्क्यांनी उतरतात. ४.१० वरून ३.५५ वर जाणं म्हणजे जवळपास तेवढीच आणखी एक पायरी. तेव्हा एक सपाट, मोकळा रस्ता निवडा. ८० च्या वेगाने तो चौथ्यात कापा, मग परत येऊन तोच रस्ता त्याच वेगाने पाचव्यात. गाडीत क्षणाक्षणाचं ॲव्हरेज दाखवणारा डिस्प्ले असेल तर सोपं, नसेल तर लांब पल्ला घेऊन टाकी भरून मोजा. वारा एका बाजूने असेल तर दोन्ही गिअरांत दोन्ही दिशांनी चालवा. चौथ्या आणि पाचव्यात जो फरक येईल, त्यापेक्षा नव्या सेटचा फरक थोडा कमीच असेल, कारण नाक जसजसं मोकळं होत जातं तसतसं आणखी मोकळं करून मिळणारं कमी होत जातं. तो फरक बघून तुम्हीच ठरवा की एवढ्यासाठी ॲक्सल उघडायचा की नाही.

दुसरी चाचणी ओढीची. ३.५५ बसवल्यावर ८० च्या वेगाला पाचव्यात इंजिनाच्या ज्या फेऱ्या असतील, त्या आज तुम्हाला ६९ च्या वेगाला मिळतात. तेव्हा नेहमीच्या चढावर, नेहमीचा भार घेऊन, आज पाचव्यात सत्तरने जाऊन बघा. इंजिन गुरगुरलं, गाडी थरथरली, पॅडल तळाला नेऊनही वेग उतरत गेला, तर नव्या सेटवर ८० ला याहून वाईट होईल. कारण एकतर त्या वेगाला हवेचा विरोध जास्त, आणि वर चाकावर येणारी ओढ साडेतेरा टक्क्यांनी घटलेली.

ही ओढ घटणं हलक्यावर घेऊ नका. पळणारा सेट बसवून ॲव्हरेज घटल्याच्या ज्या तक्रारी खऱ्या असतात, त्या इथूनच येतात. चढ आला की पाचवा झेपत नाही, चौथा टाकावा लागतो. चौथ्यात ३.५५ चा एकूण आकडा येतो ३.५५, आणि पूर्वी पाचव्यात ४.१० चा येत होता ३.४९. म्हणजे जिथे तुम्ही आधी पाचव्यात चढत होता तिथे आता चौथ्यात चढता आणि फेऱ्या आधीपेक्षा किंचित जास्तच. सगळा खटाटोप करून जागच्या जागी. आणि जे लोक गिअर न उतरवता पॅडल दाबून रेटतात त्यांचं आणखी वाईट. पॅडल पूर्ण दाबलं की बऱ्याच पेट्रोल गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मिश्रण घट्ट करतो, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. एरवी १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असतं, ते साडेबाराच्या आसपास येतं. कमी फेऱ्यांत जास्त भार दिला की इंजिन ठोका देतं, मग ईसीयू स्पार्क मागे घेतो, ताकद उतरते, पेट्रोल तेवढंच. ऑटोमॅटिक गाडीत तर निर्णय तुमच्या हातातही नसतो. टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचं) लॉक सुटतं, गिअर वरखाली होत राहतात, आणि घसरणीतली ताकद तेल तापवण्यात जाते.

या उलट उदाहरण माझ्याच हातून गेलेलं आहे. एक फोर बाय फोर गाडी, मुळात ४.१० चे ॲक्सल आणि ३१ इंची टायर. मालकाने ३५ इंची टायर चढवले. टायर मोठा झाला की परिणाम पळणारा सेट बसवल्यासारखाच होतो: ४.१० चे झाले जवळपास ३.६३. त्यात टायर जड, गाडी उंच, हवेचा विरोध वाढलेला. पाचवा गिअर नावापुरता उरला होता, हायवेवरही चौथ्यातच चालायची. पुढचा आणि मागचा, दोन्ही ॲक्सल ४.५६ चे केले. त्या टायरवर हिशोब पुन्हा ४.०४ वर आला, म्हणजे कारखान्यातून आली होती तशी. पाचवा पुन्हा वापरात आला आणि ॲव्हरेज मोठ्या टायरवर होतं त्यापेक्षा सुधारलं. आकडा मोठा करून ॲव्हरेज वाढलं, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. मला नाही वाटत. ते इंजिन आपल्या सोयीच्या जागी परत आलं होतं. फोर बाय फोर गाडीत मात्र पुढचा आणि मागचा रेशो एकच ठेवावा लागतो हे विसरू नका. वेगळे ठेवून फोर व्हील टाकलंत तर दोन ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी, तुटते.

शहरातल्या चालवण्याबद्दल थोडक्यात. शहरात पेट्रोल जातं ते सिग्नलला उभं राहण्यात, आणि वेग घेऊन पुन्हा ब्रेकवर तो वेग जाळण्यात. त्यातलं काहीही क्राऊन-पिनियन बदलून वाचत नाही. तुम्ही एरवी ज्या फेऱ्यांना गिअर बदलता त्याच फेऱ्यांना बदलत राहणार, फक्त वेगाचा आकडा थोडा पुढे सरकेल. त्रास मात्र वाढतो. पहिला गिअर लांब झाला की गाडी उठवताना क्लच जास्त वेळ घसरवावा लागतो, आणि तुमचा बहुतेक आठवडा शहरात जात असेल तर क्लच प्लेटचं आयुष्य कमी होईल. सोडलेल्या पॅडलवर इंजिनाची पकडही सैल वाटते, उतारावर ब्रेक जास्त लागतात.

आता त्या निराश लोकांची गोष्ट, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची बाब. एक गृहस्थ ४.१० काढून ३.५५ बसवून घेतल्यावर दोन महिन्यांनी माझ्याकडे आले. काम दुसरीकडे केलेलं होतं. म्हणाले, आधी अकरा मिळत होते, आता दहाच मिळतात, पुन्हा जुना सेट टाकून द्या. काम नीट झालं होतं, आवाज नव्हता, ॲक्सल गरम होत नव्हता. मी विचारलं, किलोमीटर कशावरून मोजले? म्हणाले, मीटरवरून. त्या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघत होती, म्हणजे डिफरन्शियलच्या आधी. मीटर चाकाच्या फेऱ्या मोजत नव्हता, प्रॉपेलर शाफ्टच्या मोजत होता. आणि शाफ्ट आता त्याच अंतराला साडेतेरा टक्क्यांनी कमी फिरत होता. गाडी १०० किलोमीटर जात होती, मीटर साडेशहाऐंशी दाखवत होता. मीटरवरचे दहा म्हणजे रस्त्यावरचे साडेअकरा. अकराचे साडेअकरा झाले होते, पाच टक्के फायदा, हिशोबात बसणारा. आणि ते गृहस्थ तो फायदा मोडायला निघाले होते.

हीच चूक उलट दिशेने झाली तर कोणी तक्रार घेऊन येत नाही, म्हणून ती जास्त पसरते. ओढणारा सेट बसवला की मीटर जास्त पळतो, आणि लोक आनंदाने सांगतात की ४.१० टाकल्यावर पिकअपही वाढला आणि ॲव्हरेजही. ३.५५ वरून ४.१० वर गेलात तर मीटर १५ टक्क्यांहून जास्त फुगवून दाखवेल. म्हणून ॲक्सलचं काम झाल्यावर कोणी ॲव्हरेज सांगितलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, की मीटर कुठून चालतो. नव्या गाड्यांत वेग सहसा चाकांवरच्या एबीएस सेन्सरवरून घेतात, तिथे ॲक्सल बदलून मीटर बिघडत नाही, पण टायर बदलून बिघडतो. गिअरबॉक्सवर सेन्सर किंवा केबल असेल तर ड्राइव्ह गिअर बदलून किंवा ईसीयूमध्ये आकडा भरून दुरुस्त करावा लागतो. तो करेपर्यंत स्पीडोमीटरवर विश्वास ठेवू नका. पळणाऱ्या सेटवर मीटर ८६ दाखवताना तुम्ही १०० ने चाललेले असता. हे ॲव्हरेजपुरतं नाही, जिवाशी खेळ आहे.

अंतर जीपीएसवरून घ्या किंवा रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवरून. पेट्रोल टाकी ते टाकी मोजा, शक्यतो त्याच पंपावर, त्याच बाजूला उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडला की थांबून. गाडी जरा कललेली असली तरी टाकीत लिटरभर इकडेतिकडे होतं, आणि ४० लिटरवर एक लिटर म्हणजे अडीच टक्के. तुम्ही शोधताय सहा टक्के, तेही फक्त हायवेचे. तुमचं निम्मं पेट्रोल शहरात जात असेल तर सगळ्या महिन्यावर फरक येईल तीन टक्क्यांच्या आसपास. एका टाकीवरून तो दिसणारच नाही. आधीच्या पाच-सहा टाक्या आणि नंतरच्या पाच-सहा टाक्या लिहून ठेवल्यात तरच काही बोलता येईल. टायरमधली हवा दोन्ही वेळा सारखी हवी, हेही आलंच.

तुलनेसाठी आणखी एक आकडा देतो, कारण माझ्या मते तो तुमच्या जास्त कामाचा आहे. वरच्याच गाडीचा हिशोब, ॲक्सलला हात न लावता, १०० ऐवजी ८५ च्या वेगाने केला तर हवेचा विरोध पाव हिश्श्याहून जास्त उतरतो, फेऱ्याही उतरतात, आणि किलोमीटरमागे इंधन सुमारे १२ टक्क्यांनी कमी लागतं. म्हणजे नव्या क्राऊन-पिनियनच्या दुप्पट. अमेरिकेत १९७३ च्या तेलसंकटानंतर दोन्ही उपाय झाले: १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आणि कारखान्यांनीही मोठ्या गाड्यांत २.७३ सारखे अगदी पळणारे सेट बसवले. ते सेट चालले कारण त्या इंजिनांत कमी फेऱ्यांना भरपूर ओढ होती. दोन लिटरच्या इंजिनाला तो आकडा देऊन चालणार नाही.

त्याच्याही आधीपासून आणि नंतरही चांगला मार्ग राहिला आहे तो ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे ॲक्सल तसाच ठेवून वर एक आणखी पळणारा गिअर देण्याचा. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. ॲक्सल ३.९०९ चा, चार गिअर, आणि सोबत ०.८२ चा ओव्हरड्राइव्ह. बटण दाबलं की एकूण आकडा ३.२ वर. उठताना, चढताना ओढणारा ॲक्सल मिळतो, मोकळ्या रस्त्यावर पळणारा. अमेरिकन ७००आर४ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा चौथा गिअर ०.७० चा, त्यामागे ४.१० चा ॲक्सल असला तरी टॉपमध्ये हिशोब २.८७ होतो. म्हणून ज्यांच्या जुन्या गाडीत चार गिअर आहेत आणि चौथा १.०० आहे, त्यांना मी ॲक्सलऐवजी पाच गिअरचा बॉक्स मिळतो का ते बघायला सांगतो. तुमच्याकडे पाचवा आहेच. या मार्गातला बहुतेक फायदा तुम्ही आधीच घेतलेला आहे.

तर तुमच्या बाबतीत माझं मत असं. निव्वळ ॲव्हरेजसाठी हे काम करू नका. वर्षाला हायवेवर सहा हजार किलोमीटर जाता असं धरलं तर ५०० लिटर लागतात, त्यातले ३० वाचतील. तेवढ्या पेट्रोलचे पैसे आणि सेट, बेअरिंगं, सील, मजुरी यांचा खर्च शेजारी शेजारी मांडून बघा. पण डिफरन्शियल आधीच आवाज करत असेल, बेअरिंगं गेली असतील आणि ॲक्सल उघडावाच लागणार असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मात्र मी ३.५५ ऐवजी ३.७३ शोधायला सांगेन, ४१ ला ११ दाते. १०० ला फेऱ्या २५०० च्या थोड्या वर येतील, आवाज पुरेसा उतरेल, आणि भरल्या गाडीत पाचवा गिअर निकामी होणार नाही. ३.५५ त्यांनी घ्यावा ज्यांचा बहुतेक प्रवास सपाट हायवेवर, एक-दोन माणसं घेऊन, नव्वद-शंभरच्या वेगाने होतो.

सेट घेण्याआधी तुमच्या गाडीत खरंच काय बसलंय ते तपासा. जुन्या गाडीत मागचा मालक काय बदलून गेला असेल सांगता येत नाही. पुढच्या चाकांना अडण्या लावा, हँडब्रेक सोडा, न्यूट्रल करा, मागचं एकच चाक उचलून खाली भक्कम स्टँड द्या. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्ट किती फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. एक चाक जमिनीवर स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. शाफ्ट चार फेरे आणि दहाव्या हिश्श्याएवढा पुढे गेला तर ४.१०. ही युक्ती साध्या डिफरन्शियललाच लागू आहे, लॉकर किंवा लिमिटेड स्लिप (दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारे प्रकार) असेल तर नाही.

क्राऊन आणि पिनियन ही जोडी एकत्र घासून तयार केलेली असते. दोन्हींवरचा जुळणीचा नंबर एकच हवा. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही बसवू नका, दाते कितीही चांगले दिसले तरी. वापरलेला सेट घेत असाल तर नुसते गिअर न घेता आख्खा डिफरन्शियल मूळ बेअरिंगांसकट घ्या, आणि शक्य असेल तर तसाच उचलून बसवा. काही ॲक्सलमध्ये ठरावीक आकड्याच्या पुढे कॅरिअरही (क्राऊन ज्यावर बोल्टने बसतो तो भाग) वेगळा लागतो, तेही आधी विचारून घ्या. नवा सेट बसवणारा माणूस पिनियनची खोली शिमने (पातळ चकत्यांनी) बसवतो, दात्यांना रंग लावून ठसा बघतो, बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजवर मोजतो का, हे पाहा. बहुतेक गाड्यांत बॅकलॅश मिलिमीटरच्या तेरा-वीस शतांशात असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगांमधली दबणारी नळी) आणि पिनियन सील नवीनच हवेत. हाताने हलवून “बरोबर आहे” म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. चुकीचा ठसा आलेला सेट आधी शिटी वाजवतो, मग तापतो, आणि तुम्ही वाचवलेलं सगळं पेट्रोल त्या उष्णतेत जातं.

हायपॉइड गिअरचे, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेपासून बाजूला बसवलेल्या जोडीचे, दाते एकमेकांवर लोळण्यापेक्षा घसरत जास्त चालतात, म्हणून तेल जीएल-५ दर्जाचंच वापरा आणि जाडी कारखान्याने सांगितली तीच. पातळ तेलाने ॲव्हरेज वाढेल म्हणून प्रयोग करू नका, जाड तेलाने आवाज दबेल म्हणूनही नाही. बसवल्यावर पहिल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं हलक्या पॅडलवर चालवून गाडी पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर ओढू नका, भरगच्च भार नको, एका वेगाने तासन्‌तास पळवू नका. ८०० झाले की तेल काढून टाका आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय आलंय ते बोटांत चोळून बघा. राखाडी, मऊ चिखल असेल तर दाते एकमेकांना बसत आहेत, नवं तेल भरा आणि टाक्यांचा हिशोब लिहायला लागा. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर ॲव्हरेज बाजूला ठेवून कव्हर लगेच उघडा.